अभ्यास आणि सचोटी

दरसाल शालान्त परीक्षेचे निकाल लागले, म्हणजे खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकूं येतें : "आमच्या पोराच्या डोक्यांत कांहीं नाहीं." हें वाक्य बोलणारा बाप निर्दय असतो असें नाहीं. त्यानें पोटास चिमटा घेऊन वह्या-पुस्तकें आणून दिलेलीं असतात. मुलगाही उनाड नसतो. तो रोज पुस्तक घेऊन बसलेला सर्वांनीं पाहिलेला असतो. तरी तो नापास होतो, आणि मग त्या एका वाक्यानें त्याच्या पुढील सर्व आयुष्याचाच निकाल लागतो. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघतो, आणि "मला बुद्धी नाहीं" ही समजूत जन्मभर उराशीं बाळगतो. अंगमेहनत हलकी आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु जो निकाल माणसाच्या सर्व आयुष्यावर लागतो, तो खरा आहे कीं खोटा, हें पाहणें आपलें कर्तव्य आहे. विद्या न येणें हा बुद्धीचा दोष, कीं संवयीचा? आणि संवयीचा असेल, तर ती संवय कोणती? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

कांहीं दिवसांपूर्वीं आम्ही अशाच एका घरीं बसलों होतों. थोरला मुलगा दहावींत गणित व विज्ञान या दोन विषयांत नापास झाला होता. बाप म्हणाला, "काय सांगूं तुम्हांला! आमच्या घराण्यांतच विद्या नाहीं. पोरगा रोज चार-चार तास बसे; पण पालथ्या घड्यावर पाणी!" मुलगा दाराशीं मान खालीं घालून उभा होता. आम्हीं त्यास जवळ बोलावून विज्ञानाचें पुस्तक आणावयास सांगितलें. पुस्तकाच्या बहुतेक प्रत्येक ओळीखालीं रेघा ओढलेल्या होत्या, आणि पानें हाताळून हाताळून मऊ पडलीं होतीं. या मुलानें श्रम केले नाहींत, असें कोण म्हणेल? आम्हीं एक धडा काढून त्यास वाचावयास दिला. त्यानें तो न अडखळतां वाचला. मग आम्हीं पुस्तक मिटलें व म्हटलें, "बाळ, आतां यांत काय सांगितलें आहे, तें तुझ्या शब्दांनीं सांग बरें." तो गप्प राहिला. बऱ्याच वेळानें हळूच म्हणाला, "पुस्तक उघडें असलें म्हणजे सगळें येतें, मिटलें कीं जातें."

आपल्या अपयशाचें कारण त्या मुलानें आमच्यापेक्षां व त्याच्या बापापेक्षां चांगलें सांगितलें. चार तास तो पुस्तकाजवळ होता, पण "यांतलें मला काय येतें?" असें त्यानें एकदांही स्वतःस विचारलें नव्हतें. विचारलें असतें, तर "येत नाहीं" असें उत्तर मिळालें असतें, आणि तें ऐकण्याची त्यास भीति वाटत होती. म्हणून तो पुनः पुनः वाचीत राहिला, रेघा ओढीत राहिला, आणि आपण अभ्यास करीत आहों असें मनास समजावीत राहिला.

त्याच घरांत त्याची धाकटी बहीण आठवींत शिकत होती. भाकरी, भांडीं आणि पाणी यांतून तिला चार तास कोठून मिळणार? पण तिला एक खोड लागली होती. सकाळीं वाचलेला धडा ती हापशावर जातां-येतां मनाशींच बोलून पाही, आणि जेथें अडे तेवढेंच घरीं आल्यावर पुस्तकांत शोधी. आई हंसून म्हणाली, "ही कळशी घेऊन एकटीच बडबडत जाते." मुलीचे गुण चांगले होते, पण त्याचें श्रेय त्या बडबडीस द्यावें, असें घरांत कोणासही सुचलें नव्हतें. ती हुशार आणि तो मठ्ठ, एवढेंच सर्वांनीं ठरवून टाकलें होतें.

ओळखणें आणि जाणणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आठवड्याच्या बाजारांत एखादा मनुष्य समोर येतो. चेहरा ओळखीचा वाटतो. आपण हंसून रामराम करितों. पण तो निघून गेल्यावर सोबत्यानें विचारलें, "हा कोण? कोठला?" तर आपणांस सांगतां येत नाहीं. उघड्या पुस्तकाची ओळख ही अशी बाजारांतली ओळख आहे. दहा वेळां वाचलेल्या धड्याचा चेहरा परिचयाचा होतो, आणि परिचय म्हणजेच ज्ञान असें मन आपणांस फसवून सांगतें. परीक्षेंत मात्र चेहरा समोर नसतो; तेथें नांव-गांव विचारतात.

हें केवळ आमचें अनुमान आहे असें वाचकांनीं समजूं नये. २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटास एक उतारा चार पाळ्यांत वाचावयास दिला. दुसऱ्या गटानें तो पहिल्या पाळींत वाचला, आणि पुढच्या तीन पाळ्यांत उतारा समोर न ठेवतां आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां वाचणारे पुढें होते : त्यांस शेंकडा ८३ भाग आठवत होता, दुसऱ्यांस ७१. परंतु एक आठवड्यानें पाहिलें, तों वाचणाऱ्यांजवळ शेंकडा ४० उरला होता, आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१. यांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट अशी, कीं आपणांस हें चांगलें स्मरेल असा भरंवसा अधिक कोणास वाटत होता, तर चार वेळां वाचणाऱ्यांस! ज्याचा भरंवसा मोठा, त्याचीच शिदोरी लहान निघाली.

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं अभ्यास हा आधीं सचोटीचा प्रश्न आहे आणि मग बुद्धीचा. दुकानदार रोज रात्रीं गल्ला मोजतो. न मोजतां "आज पुष्कळ धंदा झाला" असें म्हणणाऱ्या दुकानदाराचें दिवाळें निघावयास वेळ लागत नाहीं. पुस्तक मिटून आपणांस काय आलें व काय आलें नाहीं हें पाहणें, म्हणजे विद्यार्थ्यानें आपला गल्ला मोजणें होय. यांत जो आपणांस फसवितो, त्यास दुसरा कोणी फसविण्याची गरज उरत नाहीं. परीक्षेच्या खोलींत चिठ्ठी लपवून नेणारा विद्यार्थी एकाएकीं निर्माण होत नाहीं. येत नसलेलें येतें असें तो वर्षभर मनास सांगत आलेला असतो. परीक्षेच्या दिवशीं तेंच तो गुरुजींस सांगूं पाहतो, एवढाच फरक.

आपल्या वाडवडिलांस ही गोष्ट अगदींच ठाऊक नव्हती असें नाहीं. पूर्वीं दिवेलागणीस मुलांस ओळीनें बसवून परवचा म्हणून घेण्याची चाल होती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हें सर्व तोंडानें म्हणावें लागे. समोर पाटीही नसे. चुकलें कीं तेथल्या तेथें कळे. ती चाल आतां बहुतेक मोडली. तींत एक उणीव होती, ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पाठ म्हणणें म्हणजेच समजणें, असा समज तींतून होत असे. औटकी घडाघडा म्हणणाऱ्या मुलास साडेतीन शेरांचे सात वांटे करावयास सांगितले, तर तो कित्येकदां गोंधळून जाई. यासाठीं मिटलेल्या पुस्तकापुढें बसतांना नुसते शब्द आठवून चालत नाहींत. तीच गोष्ट आपल्या भाषेंत सांगतां येते काय, तिचें दुसरें उदाहरण देतां येतें काय, आणि "असें कां?" या प्रश्नास उत्तर देतां येतें काय, हें पाहिलें पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, "आठवलें तरी पुढें विसरतेंच, मग उपयोग काय?" विसरणें हा मनाचा धर्म आहे, त्यांत लाज नाहीं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन विद्वानानें स्वतःवरच शेंकडों प्रयोग करून १८८५ सालीं स्मरणशक्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा पाठ करी, आणि कांहीं वेळानें त्या पुन्हां पाठ करावयास किती कमी श्रम पडतात तें मोजी. एक दिवस गेल्यावर मूळ श्रमांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शाचीच बचत होई. महिन्यानंतर सुमारें पांचव्या हिश्शाची. गळती सर्वांत मोठी ती आरंभींच. पण त्यासच दुसरी एक गोष्ट आढळली, ती आशेची आहे. आदल्या एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जें फळ मिळालें, तेंच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवर्तनांनीं मिळालें. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेंच. शेतकऱ्यास हें नवीन नाहीं. महिनाभराचें पाणी एकाच रात्रीं सोडलें, तर तें बांधावरून वाहून जातें. पाळीपाळीनें दिलें, तर मुळाशीं मुरतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून केलेला अभ्यास हें बांधावरून वाहणारें पाणी आहे. आज शिकलेलें उद्यां, मग आठवड्यानें, मग महिन्यानें, थोडा थोडा वेळ मिटल्या पुस्तकानें आठवून पाहावें, हाच खरा मार्ग होय.

मार्ग कळला, तरी रोज त्यावर चालवावें कसें? मनुष्याचा निश्चय सकाळच्या दंवासारखा असतो. ऊन चढलें कीं उडून जातो. म्हणून निश्चयावर विसंबूं नये. वेळ व जागा ठरवावी. गाय ठरल्या वेळीं दावणीस येते, तिला रोज नवा निश्चय करावा लागत नाहीं. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ लोकांस रोज ठरल्या प्रसंगीं एखादें लहानसें काम करावयास सांगून, तें अंगवळणीं पडण्यास किती दिवस लागतात हें पाहिलें. कामें फळ खाणें, पाणी पिणें, थोडा व्यायाम करणें अशीं साधीं होतीं. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवसही लागतील असा हिशेब निघाला. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचें पडलें. आणखी असें दिसलें, कीं मध्यें एखादा दिवस चुकल्यानें संवय मोडत नाहीं. हें दोन्ही ध्यानांत ठेवावें. आठ दिवसांत संवय लागली नाहीं म्हणून निराश होऊं नये. आणि एक दिवस बुडाला म्हणून "आतां सर्व संपलें" असें म्हणूं नये. अभ्यासाच्या त्या घटकेपुरता मोबाईल दुसऱ्या खोलींत, अथवा आईच्या स्वाधीन, ठेवावा. मोह समोर ठेवून त्याशीं झगडण्यापेक्षां तो दृष्टीआड करणें शहाणपणाचें आहे.

"आमच्या घरांत दुसरी खोलीच नाहीं," असें पुष्कळ वाचक म्हणतील. तें खरें आहे, आणि त्यावर गोड शब्दांचें पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिकचा अभ्यास करीत होते, तेव्हां त्यांचें कुटुंब मुंबईंत परळच्या चाळींत एका खोलींत राहत असे. तेथें शांतता मिळणार कशी? वडील रामजी सुभेदार मुलास लवकर निजवीत, आपण रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, आणि मग त्यास अभ्यासास उठवून स्वतः आडवे होत. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले, आणि १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले. त्या मुलाची बुद्धि असामान्य होती, यांत शंका नाहीं. पण बापानें त्यास जागा देतां येत नव्हती म्हणून वेळ दिला, आणि तो आपल्या झोंपेंतून काढून दिला, हेंही विसरूं नये. त्याच बरोबर हेंही विसरूं नये, कीं त्याच मुलास शाळेंत अस्पृश्य म्हणून वेगळें बसविलें जात होतें. ज्या मुलास उपाशीं पोटीं शाळेंत जावें लागतें, ज्याच्या वर्गास शिक्षक नाहीं, ज्यास जातीवरून हिणविलें जातें, त्यास "तुझी संवय वाईट" असें सांगून मोकळें होणें हें पाप आहे. चांगली संवय अन्याय दूर करीत नाहीं. तो दूर करणें हें आपणां सर्वांचें निराळें कर्तव्य आहे. संवय एवढेंच करिते, कीं जेवढी संधि हातीं आहे तेवढी वायां जाऊं देत नाहीं.

आतां आईबापांस व शिक्षकांस दोन शब्द. मुलानें स्वतःशीं सचोटीनें वागावें असें आपणांस वाटत असेल, तर "मला येत नाहीं" हे शब्द उच्चारणें आपल्या घरांत निर्भय असलें पाहिजे. ज्या घरांत या शब्दांस चापट मिळते, तेथें मुलगा खोटें बोलावयास शिकतो. प्रथम आपणांशीं, आणि मग स्वतःशीं. स्तुतीसही जपावें. म्युलर व ड्वेक या दोन विदुषींनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं मुलांस "तूं फार हुशार आहेस" असें म्हटलें, आणि कांहींस "तूं चांगले श्रम केलेस" असें म्हटलें. नंतर अवघड उदाहरणें देऊन सर्वांस अपयश चाखविलें. मग आपले गुण दुसऱ्या मुलांस कळविण्यास सांगितलें, तेव्हां हुशार म्हणविलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० मुलांनीं ते वाढवून सांगितले. श्रमाची स्तुति झालेल्यांत असें करणारे शेंकडा १५ हूनही कमी होते. "हुशार" ही पदवी एकदां मिळाली, कीं ती राखण्यासाठीं मूल खोट्याचा आश्रय करितें. "मठ्ठ" ही मिळाली, कीं तें खटपटच सोडतें. दोन्ही पदव्या घातक आहेत. मात्र "बुद्धि वाढते, बुद्धि वाढते" असा नुसता उपदेश केल्यानेंही फारसें साधत नाहीं. पुढें मोठ्या प्रमाणावर पाहिलें, तेव्हां अशा उपदेशाचा परिणाम लहानच दिसून आला. उपदेशाबरोबर रोजची करणी पाहिजे.

आणि ही करणी करून घेण्यास आईबाप शिकलेले असलेच पाहिजेत असें नाहीं. ज्या आईस अक्षर येत नाहीं, ती तर उत्तम परीक्षक होय. तिनें चुलीपाशीं बसून एवढेंच म्हणावें, "आज शाळेंत काय शिकलास, तें मला समजेल असें सांग." तिला समजावतांना मुलास शब्दांच्या आड लपतां येत नाहीं. जेथें आई "हें मला नाहीं कळलें" म्हणेल, तेथेंच बहुधा मुलासही कळलेलें नसतें. गांवांतील जे बंधु शब्बाथ शाळा किंवा रात्रीचा वर्ग चालवितात, त्यांनींही हीच रीत धरावी. आपण बोललों, मुलांनीं ऐकलें, म्हणजे शिकविणें झालें असें नाहीं. शेवटीं दहा मिनिटें सर्व पुस्तकें मिटवून मुलांकडून वदवून घ्यावें. आणि आपली तयारीही तशीच करावी.

उशीर झाला, वय गेलें, असेंही कोणी म्हणूं नये. महर्षि धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेस बसण्यासाठीं मुरुडाहून साताऱ्यास पावसांत, डोंगर ओलांडून, सुमारें ११० मैल पायीं गेले. आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस न बसवितांच त्यांस परत पाठविण्यांत आलें. ते मॅट्रिक झाले १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. पुढें गणिताचे प्राध्यापक झाले. लक्ष्मीबाई टिळकांस बालपणीं शाळा मिळाली नाहीं; लिहावयास-वाचावयास त्या शिकल्या लग्नानंतर. त्याच बाईंनीं लिहिलेलीं 'स्मृतिचित्रें' आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत गणलीं जातात. या दोघांस मार्ग सोपा नव्हता. पण एका नकारास किंवा गेलेल्या वर्षांस त्यांनीं शेवटचा निकाल मानिलें नाहीं.

त्या घरून निघतांना आम्हीं मुलास एक कोरी वही दिली, आणि सांगितलें, "हींत येतें तें लिहूं नकोस, जें येत नाहीं तें लिही. रोज पुस्तक मिटल्यावर जेथें अडशील, तेवढेंच एका ओळींत." पुढें महिन्यानें आम्ही तिकडे गेलों, तेव्हां त्यानें ती वही आणून दाखविली. बावीस पानें भरलीं होतीं, आणि त्यांतील पुष्कळ ओळी त्यानें स्वतःच्या हातानें खोडल्या होत्या. कारण त्या आतां येत होत्या. पुरवणी परीक्षा व्हावयाची होती. तींत काय होईल, हें त्यास किंवा आम्हांस ठाऊक नव्हतें. पण ज्या मुलानें आपलें अज्ञान बावीस पानें लिहून काढलें व हिंमतीनें बापाच्या हातीं दिलें, त्याच्या डोक्यांत कांहीं नाहीं असें आतां कोणी म्हणूं नये. बाप वही उलटसुलट करून पाहत होता. त्यास वाचतां येत नव्हतें. थोड्या वेळानें तो मुलास म्हणाला, "ही खोडलेली ओळ कशाची रे? सांग पाहूं मला." मुलगा त्याच्याशेजारीं बसला आणि सांगूं लागला.

आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरीं आज दिवेलागणीस एवढा एक प्रश्न विचारला जावो, अशी आमची इच्छा आहे.